आधी प्रश्न

पडद्यावर माझं पान. हॉलभर माणसं. नागरवाड्यातल्या मराठी लेखनवर्गात सरांनी माझ्या वहीचा फोटो भिंतीएवढा करून दाखवला आणि म्हणाले, "बघा, अक्षरांचं टक्कल! डोक्यावर रेघच नाही. बाई, लिहिताय की शेंगा सोलताय?"

हसले सगळे. असे हसले, की पार मांडवीच्या दरवाज्यावरची कबुतरं उडाली. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

माझी शाळा गुजराती. त्या लिपीत वर रेघ नसते, हाताला तेच वळण. मराठी घरात फक्त बोलायची. सरांचे आजोबा संस्थानात मोठे अधिकारी. त्यांच्याकडे म्हणे पोपटसुद्धा शुद्ध मराठीत शिंकायचा. माझे वडील कारखान्यात भट्टीवर.

पानावर त्यांच्याबद्दलच होतं. ठिणग्यांनी सदऱ्याच्या बाह्या जळायच्या. आई त्या कापून सदरा अर्ध्या बाह्यांचा करायची. हॉलमध्ये एवढी शहाणी माणसं. बाह्या का जळल्या, एकानंही विचारलं नाही.

वही कपाटाच्या तळाशी गेली. छाणीतल्या माझ्या दुकानात मी ब्लाऊज शिवायची आणि मनात वाक्यं उसवायची. वर्षभर. झोप नाही, चैन नाही.

मग एका दुपारी तेच पान व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकलं. टकलं तर टकलं. लगेच शकूमावशींचा मेसेज. माझं जुनं गिऱ्हाईक, साठी ओलांडलेल्या.

"मग बेन, त्या कापलेल्या बाह्यांचं काय केलं?"

मशीनवरचे पाय थांबले. कुणीतरी वाचलं होतं!

मी लिहिलं, "त्यांच्यावरच मी पहिला टाका घातला, मावशी."

"चाल, मग मी पण लिहिते."

असा ग्रुप झाला. छाणीपासून चंद्रापर्यंत सभासद आहेत. बरं, चंद्र सोडा, सव्वीस बायका आहेत. रोज पाच ओळी लिहून फोटो टाकायचा. वाचणारीनं आधी मजकुराबद्दल एक प्रश्न विचारायचा. चुका नंतर, त्याही लिहिणारीनं विचारल्या तरच.

गेल्या आठवड्यात एकीनं कौतुकानं सरांना ग्रुपमध्ये घेतलं. त्या दिवशी मावशींनी त्यांची शाळा लहानपणीच कायमची सुटली त्याबद्दल लिहिलं होतं. सरांनी त्या फोटोवर लाल गोलच गोल काढून परत टाकला. खाली शेरा: "आधी बालवाडी, मग लेखन."

पाच मिनिटांत मावशींनी पान डिलीट केलं.

माझ्या डोक्यात भट्टी पेटली.

"सर, आधी प्रश्न."

"कसला प्रश्न? मी सुधारतोय तुम्हाला."

"मावशींना शाळा कुणी सोडायला लावली, ते विचारा."

"मला एवढा वेळ नाही."

काढलं त्यांना. एका बोटानं. यात मात्र एक अक्षर वाढवलेलं नाही.

मावशी अजून लिहीत नाहीत. "रेवा दे, बेन, राहू दे," म्हणतात. पण सरांनी टाकलेला तो फोटो माझ्याकडे आहे, लाल गोलांसकट. सगळ्यांसमोर वाचू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "तू वाच. मी मागे बसते."

रविवारी सरांच्या वर्गाचं संमेलन आहे. तोच हॉल. मावशींचं पान मी वाचणार, आणि मावशींना काही विचारायचंय का, असं माणसांना विचारणार. कुणी विचारेपर्यंत माईक सोडणार नाही. पंखे बंद करा, दिवे घालवा, बाहेरून कुलूप लावा.

मी उभीच राहणार.