जरीचं अस्तर

नव्वदच्या दशकात मी तापीकाठच्या शहरातल्या लिंबायतहून पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला, जायचो. गेटवरचा वॉचमन उशिरा येणाऱ्याला सेलवर चालणारा करंटचा दंडा लावायचा, आणि मी तर जन्मालाच अर्धा तास उशिरा आलेलो. आधी सदऱ्याखाली सायकलची ट्यूब गुंडाळली. तिच्यात मीच उकडून निघालो. मग जरीच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकोने तांब्याच्या जरीचं अस्तर शिवलं.

"करंट जरीतूनच परत जाईल, तुमच्यात कशाला शिरेल?"

दुसऱ्या दिवशी दंडा पाठीवर नुसताच तडतडला. तंबाखू मळत मी विचारलं, "भाईसाब, सेल उतर गया क्या?"

खात्री करायला त्याने दंडा स्वतःच्या मांडीला लावला. असा उडाला, की वरून त्याला तापी दिसली असेल. पुढे तो नुसती शिट्टी वाजवायचा.