कडावच्या खाचरात माझे बूट

सकाळी सातला लोधिवलीतून निघालो तेव्हा पायांत नवे बूट होते. मातीच्या रस्त्यांवर मोटरसायकल चालवणाऱ्यांसाठी बनवलेले, गुडघ्याच्या जरा खाली येणारे. नडगीवर आणि घोट्यावर टणक पट्ट्या, बाजूला चार बकलं. स्वस्तातले नव्हेत, परदेशी तर नाहीतच, मधल्या भावाचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना सोबतचा कागद शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे. कागदावरचं किती खरं, हे पाहायला भातशेतीच्या रस्त्यांइतकी चांगली जागा नाही. म्हणून चौक गावावरून कर्जत, तिथून सासुरवाडीला कडाव, आणि कडावच्या मागच्या कच्च्या वाटा, असा एका दिवसाचा बेत केला.

बायको दारात उभी होती. बुटांकडे तिनं पाहिलंही नाही.

"सागर गाडी मागेल. देऊ नका," ती म्हणाली. "बारा दिवसांवर भरती आलीये त्याची."

सागर तिचा धाकटा भाऊ, तेवीस वर्षांचा. पोलीस भरतीच्या धावण्यात दोनदा थोडक्यात राहिला होता. आता ही तिसरी खेप. सासूबाई त्याला अनवाणी अंगणातही येऊ देत नव्हत्या, काटा मोडेल म्हणून.

"नाही देणार," मी म्हटलं आणि किक मारली.

चौकपर्यंतच पहिली गोष्ट कळली. या बुटातून गिअर लागला की नाही ते पायाला समजत नाही. पहिला समजून मी दुसऱ्यातच गाडी रेटत होतो. रस्त्याकडेला थांबून पान्यानं गिअरचा दांडा बोटभर वर घेतला, मग जमलं. कर्जतला वडापाव खायला उतरलो तर चालताना टकटक आवाज. वडेवाल्यानं झारा हातात धरूनच विचारलं, "काय शेठ, चंद्रावर चाललाय का?"

"कडावला."

"मग ठीक हाय. रस्ता तसाच हाय."

लावण्या होऊन महिना उलटला होता. दोन्ही बाजूंना भात पोटरीएवढं, पाणी तुंबलेलं, डोंगरांवर ढग बसलेले. कडावला पोचलो तेव्हा सागर पळूनच आला होता, घामानं निथळत. पायांत पळायचे हलके बूट. वाट दाखवायला माझ्या मागे बसला.

गावामागच्या ओढ्यात मी मुद्दाम गाडी घातली. घोट्यापर्यंत पाणी होतं तोवर आतला मोजा कोरडा होता. मध्यावर पाणी उसळून वरच्या काठातून आत शिरलं, आणि शिरलं ते शिरलंच. पाणी आत न येऊ देणारा बूट ते बाहेरही जाऊ देत नाही, हे त्या कागदावर नव्हतं. पलीकडे दोन्ही बूट काढून उलटे केले. सागर हसत होता. "दाजी, मासळी सापडली का?"

पुढे खाचरांच्या मधून बैलगाडीएवढ्या रुंदीचा बांध जातो. (खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी धरलेला भाताचा तुकडा.) या बुटांत चालता किती येतं तेही पाहायचं होतं, म्हणून मी उतरलो.

"मग गाडी मी आणतो," सागर म्हणाला.

"ताईनं नाही म्हटलंय."

"द्या ना, दाजी. ह्याच बांधावर मी सायकल शिकलो. समोरच्या आंब्यापर्यंत फक्त. काय नाय होत."

मी दिली. मला माझ्या चालण्याचं पाहायचं होतं, हे त्याचं खरं कारण.

चालणं वाईट होतं. तळवा वाकत नाही, ओल्या गवतावर टाच सरकते. मी खाली माझ्याच पायांकडे बघत होतो, तोच पुढे इंजिन रडल्यासारखं वाजलं आणि थांबलं. मान वर केली तर बांधावर गाडी नव्हती.

एका खाचरातून दुसऱ्यात पाणी सोडायला बांध फोडलेला असतो. त्या फोडीत पुढचं चाक गेलं होतं. गाडी आडवी होऊन चार फूट खाली भातात, आणि तिच्याखाली सागरचा डावा पाय. तो कुशीवर पडला होता. कोपर टेकून तोंड पाण्यावर धरत होता, आणि कोपर चिखलात रुतत चाललं होतं. तापलेलं इंजिन पाण्यात चरचरत होतं.

पळता येत नव्हतं तरी पळालो. काठावर पोचलो. आणि खाली बसलो. बूट सोडायला.

हे जसं झालं तसंच लिहितो. आमच्याकडे वाढत्या भातात पायताण घालून उतरत नाहीत. माझ्या बापाच्या चपला कायम बांधावर असायच्या. लहानपणी एकदा मी तसाच उतरलो तर त्यानं मला पाठीत धपाटा घालून वर काढलं होतं. त्या क्षणी यातलं काहीही मला आठवलं नाही. हात आपोआप बकलांवर गेले. पहिलं सुटलं, दुसरं सुटलं. तिसऱ्यात चिखल बसला होता, ते नखानं उकरू लागलो. सागर माझ्याकडे बघत होता. ओरडत नव्हता. तोंड वर ठेवण्यातच त्याचा सगळा जीव गुंतला होता.

शेजारच्या खाचरात एक बाई बेणत होत्या (भातातलं तण काढत होत्या). त्या लुगडं सावरत धावत आल्या, बांध ओलांडून सरळ पाण्यात शिरल्या आणि सागरचं डोकं त्यांनी धरलं. मग माझ्यावर ओरडल्या.

"आरं बूट काय सोडतोस! बुटासकट ये रं! पोर बुडतंय हितं!"

डावा निघाला होता, उजवा पायातच. तसाच उडी मारली. अनवाणी पाय चिखलात धरून उभा राहिला, बुटातला नडगीपर्यंत गेला. मी हँडल धरलं, त्या मावशींनी एका हातानं कॅरियर. गाडी वीतभर उठली आणि निसटून परत बसली. सागर पहिल्यांदा ओरडला.

टेकू द्यायला भाताच्या चिखलात दगड कुठला! परत उचलली तेव्हा मी उजवा पाय उपसला आणि बुटासकट इंजिनखाली सारला. गाडीचा भार त्यावर आला. पट्टी कडकडली. आत पाय आवळला गेला, पण चेपला नाही.

"ओढ, सागर!"

मावशींनी त्याला काखेत धरून मागे खेचलं. पाय निघाला, त्याचा बूट गाडीखालीच राहिला. मग गाडी जरा रेटून मी माझा पाय बुटासकट उपसला.

बांधावर त्याला टेकवल्यावर मावशींनी माझ्या पायांकडे पाहिलं, एक उघडा, एक बुटात. "शिकलेला दिसतोस," एवढंच म्हणाल्या, आणि वाकून उपटलेले आवे (भाताची रोपं) परत रोवू लागल्या.

दुधाच्या टेंपोतून आम्ही कर्जतला गेलो. सागरचा घोटा वांग्यासारखा झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "पाय किती वेळ दबलेला होता?"

'लगेच काढला' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

"तीन-चार मिनिटं," मी म्हटलं. "त्यातलं मिनिटभर मी बूट सोडत बसलो होतो."

डॉक्टरांनी मान वर केली. सागर भिंतीकडे बघत म्हणाला, "मी पण सोडले असते, डॉक्टर."

हाड मोडलं नव्हतं. शिरा ताणल्या होत्या. पाच दिवस पाय खाली टेकायचा नाही, पुढचं पुढे बघू.

कडावला सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. आधी लेकावरून ओवाळला, मग माझ्यावरून. मी त्यांनाही सांगितलं, बूट सोडत बसलो म्हणून.

"मग? भातात बूट घालून उतरतात होय कोण?" त्या पटकन बोलून गेल्या. मग त्यांची नजर सागरच्या पट्टीवर गेली. हातातला तुकडा टाकायला त्या अंगणाच्या कोपऱ्याकडे गेल्या, आणि बराच वेळ तिथंच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

गावातल्या पोरांनी भातातून काढलेली गाडी घेऊन संध्याकाळी एकटाच परत आलो. बायकोला सगळं कळलेलं होतं. तिनं ताट वाढलं, शेजारी बसली नाही.

बुटांचं म्हणाल तर बूट चांगले आहेत. घोटा राखतात. पाण्याला वरून वाट देतात, चालायला वाईट, आणि चिखल बसला की तिसरं बकल सुटत नाही. पुढच्या वेळी मी ते न काढता उडी मारीन असं लिहायला सोपं आहे. हात ऐकतील की नाही ते मला माहीत नाही.

सातव्या दिवशी सागरचा फोन आला. "दाजी, आज मैदानाला एक फेरी मारली. हळू, पण पळत."

"दुखलं?"

"नाय." मग म्हणाला, "थोडं दुखलं. ताईला सांगू नका."

फोन कानालाच होता. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि तिला सांगितलं.