गाडी रिकामी कशी पाठवायची

सुनीती आढाव यांना नॉटिंगहॅममध्ये येऊन चोवीस वर्षं झाली, आणि त्यातली एकवीस त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डांत उभ्याने काढली. मूळच्या नगरच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, इकडे नोकरी लागली, मागोमाग नवरा विष्णू आला आणि ट्रामच्या डेपोत चिकटला. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, पण बाईंचा कडकपणा अजून पहिल्या पिढीचा. कुणी मागण्याआधी सल्ला द्यायचा, आणि तो पाळला की नाही हे बघायला पुन्हा जायचं, ही त्यांची जुनी खोड. वॉर्डात या खोडीने अनेकांचे प्राण वाचले. वॉर्डाबाहेर तिचं काय करायचं हे रिटायर झाल्यावरही त्यांना उमगलं नव्हतं.

जपानी मंडळीत त्या शिरल्या त्याही अशाच. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या वॉर्डात सादाओ नावाचे एक जपानी गृहस्थ वारले. डर्बीकडच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. त्यांची बायको किनुयो रोज व्हिजिटिंगच्या वेळी यायची आणि प्रत्येक नर्सला कमरेतून वाकून नमस्कार करायची. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती मिठाईचा डबा घेऊन वॉर्डात आली. कशाला, तर इतके दिवस त्रास दिला म्हणून माफी मागायला! सुनीतीबाईंना भडभडून आलं. त्यांच्या चर्चमागच्या हॉलमध्ये तेव्हा पाळक फुजिता यांनी जपानी लोकांसाठी गुरुवारचा चहा आणि रविवारी दुपारची उपासना नुकतीच सुरू केली होती. येणारी माणसं मोजून तीन. बाईंनी किनुयोला हाताला धरून नेलं आणि चौथी केली.

आता रविवारी तीसेक माणसं जमतात. पण ही वाढ मोठी फसवी. कंपनीने पाठवलेली कुटुंबं तीन-चार वर्षांत परत जातात, विद्यार्थी डिग्री घेऊन जातात. दर वसंतात अर्धा हॉल रिकामा होतो आणि फुजिता पुन्हा पहिल्यापासून चहाचं आधण ठेवतात. टिकली ती एक किनुयो. खुर्च्या लावायची, गीतं म्हणायची, पण बाप्तिस्म्याचा विषय निघाला की हसून कप पुसायला घ्यायची. त्यामुळे या फेब्रुवारीत ती आपण होऊन म्हणाली, "ईस्टरला मी बाप्तिस्मा घेते," तेव्हा सुनीतीबाईंनी घरी येऊन शेवयांची खीर केली. हर्षाने त्या नुसत्या हवेत होत्या, आणि हवेत असताना माणूस पाय कुठे टाकतो ते बघत नाही.

दुसऱ्याच गुरुवारी किनुयोने विचारलं, "त्याआधी मी काय करायला हवं?"

दोघींचं बोलणं साध्या इंग्रजीत चालायचं, त्यामुळे गोडगोड वळणं घ्यायला जागाच नसायची. बाईंनी पाळकांना न विचारता फटकन सांगून टाकलं, "घरातलं ते बुत्सुदान काढावं लागेल."

बुत्सुदान म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांचा बौद्ध देव्हारा, किनुयोच्या बैठकीतलं काळं, लाखेचं, माणसाच्या कमरेइतकं कपाट. आत सादाओचं नाव कोरलेली एक लाकडी पाटी, त्याचा फोटो आणि एक चिमुकली घंटा. रोज सकाळी पहिल्या भाताची छोटी वाटी किनुयो त्याच्यापुढे ठेवायची. थोड्या वेळाने ती उतरवून स्वतः खायची, आणि घरात पाहुणा असेल तर आधी त्याच्यापुढे करायची. सुनीतीबाईंनी अकरा वर्षांत ती वाटी एकदाही घेतली नव्हती. लहानपणी शेजारून नैवेद्याचे मोदक आले की आई ताट तसंच परत पाठवायची, आपल्याला चालत नाही म्हणून. त्याच वळणावर बाईही म्हणायच्या, "नो, थँक यू, पोट भरलंय."

किनुयोने मान लववली. "हो," म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

पुढचे दोन गुरुवार आणि दोन रविवार ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, "घर आवरतेय. सॉरी." बाई खूशच झाल्या. सल्ला पाळला जात होता. तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी कौतुकाने फुजितांना सांगितलं, "पास्टर, किनुयो-सान बुत्सुदान काढतेय बरं का."

फुजितांनी हातातली किटली खाली ठेवली. "कुणी सांगितलं तिला?"

"म्हणजे... काढावंच लागतं ना?"

"मी नाही सांगितलं," फुजिता म्हणाले. ते कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "माझ्या आईचा बाप्तिस्मा होऊन तीस वर्षं झाली. तिच्या घरात ते अजून आहे. त्या कपाटाचं दार मिटायचं की नाही, ते किनुयोचं किनुयो ठरवेल. आपण ढकलायचं नसतं."

सुनीतीबाई जवळच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्या घरी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या हसत सांगितली जायची. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनच्या साहेबाच्या सांगण्यावरून त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे टाक, वाडवडिलांचे चांदीचे टाकसुद्धा, सीना नदीत सोडून दिले. पणजी चकार शब्द बोलली नाही. फक्त मरेपर्यंत रोज एक भाकरी जास्त थापत राहिली, आणि ती कुणाची हे तिने कधी सांगितलं नाही. म्हातारीचं खूळ, म्हणून सगळे हसायचे. त्या रविवारी बाईंना हसू आलं नाही. या खेपेला साहेब त्या स्वतः होत्या. आणि सादाओचे डोळे याच हातांनी मिटवले होते, तेही त्यांना आठवलं.

त्यांनी रात्रीपर्यंत फोन लावला, कुणी उचलला नाही. सोमवारी संध्याकाळी मेसेज आला: "उद्या सकाळी कौन्सिलची गाडी टाकायचं मोठं सामान न्यायला येते. मग सगळं झालं."

"अहो, ती नवऱ्याला कचऱ्याच्या गाडीत घालतेय!" सुनीतीबाई ओरडल्या.

विष्णूने वाचून फोन परत दिला. "तिने तुला विचारलं हे ठीक. तू पास्टरांना विचारलंस का?"

"आता तुम्ही नका सुरू करू. मला घास जायचा नाही, तुम्ही जेवून घ्या."

सकाळी पहिली ट्राम पकडून त्या किनुयोच्या भागात, बीस्टनला, उतरल्या आणि गुडघ्यांची तक्रार न ऐकता धावत सुटल्या. किनुयोच्या दारात गाडी उभी होतीच. केशरी जॅकेटातली दोन धिप्पाड माणसं काहीतरी लांबट, काळं उचलत होती.

"स्टॉप!" सुनीतीबाईंनी कोपऱ्यावरूनच आरोळी ठोकली. "प्लीज स्टॉप! दॅट इज हर हजबंड!"

दोघांनी हातातली वस्तू निखारा टाकावा तशी खाली टाकली. ती गोल्फची बॅग होती.

आवाज ऐकून किनुयो दारात आली. बाईंनी तिला ओलांडून आत नजर टाकली. बैठकीत सोफा नव्हता, जेवणाचं टेबल नव्हतं, खुर्च्या नव्हत्या, टीव्ही जमिनीवर होता. आणि भिंतीशी, अकरा वर्षं होतं तिथेच, काळं कपाट सताड उघडं होतं. पुढे भाताची वाटी वाफाळत होती. सुनीतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना रडूही आलं आणि हसूही.

"हे काय, किनुयो-सान? सोफा कुठाय?"

किनुयो ओशाळली. "मी गाडी बोलावली. पण सकाळी मला ते उचलवेना. माणसं तर आली होती, इतक्या लांबून. गाडी रिकामी कशी पाठवायची? म्हणून सोफा दिला. मग पुन्हा बोलावली. तेव्हाही उचलवलं नाही, तर टेबल आणि खुर्च्या दिल्या." तिने बाहेर बघितलं. "आज ही बॅग. पुढच्या वेळेला फ्रीज द्यावा लागला असता."

"तू मला का नाही सांगितलंस, जमत नाही म्हणून?"

"तुम्ही सादाओचं इतकं केलंत. तुम्हाला नाही कसं म्हणू?"

सुनीतीबाई मटकन जमिनीवरच बसल्या, बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. असं म्हणायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे दोनदा म्हणावं लागलं. "पास्टरनी असं काही सांगितलंच नव्हतं. मीच माझ्या मनाचं बोलले. ते इथेच राहू दे."

"आणि ईस्टर?"

"ईस्टरला तू येतेस. मी हॉलच्या दारात उभी असेन."

किनुयो कपाटापुढे गुडघ्यांवर बसली आणि फोटोकडे बघून जपानीत भरभर बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. बाईंना एक अक्षर कळलं नाही, पण मध्येच स्वतःचं नाव ऐकू आलं, आणि किनुयो हसतेय हेही दिसलं.

दारावर टकटक झाली. केशरी जॅकेटवाला अवघडून उभा होता. "सॉरी, लव्ह. या बाईंच्या मिस्टरांना न्यायचं की नाही?"

किनुयो लगबगीने उठली आणि देण्यासारखं काही दिसतं का म्हणून खोलीभर बघायला लागली. सुनीतीबाईंनी तिचा हात धरला. "काही न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "रिकामीच जाऊ द्या." त्यांनी बॅग आत ओढली. गाडी वळणाआड जाईपर्यंत किनुयो मात्र रस्त्यावर कमरेतून वाकून उभी राहिली.

परत आत येऊन तिने कपाटापुढची वाटी उतरवली. वाफ आता निवली होती. सवयीने तिने ती पाहुणीपुढे धरली, आणि उत्तर पाठ असल्यामुळे ते स्वतःच देऊन टाकलं, "पोट भरलंय, नाही का?"

"नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. "कालपासून उपाशी आहे." आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.