वाकोल्याच्या हॉलमधला राक्षस

माझं वय चव्वेचाळीस आहे आणि मला कुस्ती आवडते. मातीतली आवडत असती, तर चारचौघांत मान ताठ ठेवून सांगता आलं असतं. मला आवडते ती दुसरी. चमकदार कपडे घालून, माईकवर एकमेकांना धमक्या देत, दोरांवर चढून उड्या मारत खेळतात ती. ऑफिसात कुणाला याचा पत्ता नाही. रविवारी कुठे होतास असं कुणी विचारलं तर मी "एका फंक्शनला" म्हणतो. ते तसं खोटंही नसतं, कारण आमचे खेळ बहुतेक लग्नाच्या हॉलमध्येच होतात.

त्या रविवारी दुपारचा खेळ वाकोल्याला होता. बायको आणि मुलगी मुलुंडला बारशाला गेल्या होत्या. आठवड्यापूर्वी बाबांना चक्कर आली होती आणि त्यांना एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे एक तर मी घरी बसायचं, नाही तर त्यांना बरोबर न्यायचं. मी अर्धा तास उगाच घरात फेऱ्या मारल्या आणि शेवटी विचारलं, "बाबा, वाकोल्याला एक खेळ आहे. येता?"

"कसलो खेळ?"

"कुस्तीचा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ती खोटी?"

हा शब्द आमच्या दोघांमध्ये बत्तीस वर्षं पडून होता. मी सातवीत असताना माझ्याकडे पैलवानांच्या पत्त्यांचा गठ्ठा होता. फोटो, उंची, वजन, छाती, सगळं त्यावर छापलेलं. रबर लावून मी तो दप्तरात ठेवायचो. घटक चाचणीत गणितात नापास झालो, त्या दिवशी बाबांनी तो गठ्ठा बंबात टाकला. "खोट्याच्या नादाक लागलंस," एवढंच म्हणाले. मी रडलो नाही, पण त्यानंतर मला जे आवडतं ते त्यांना सांगायचं बंद केलं. ती सवय पुढे इतकी अंगवळणी पडली, की लग्न ठरल्याचंसुद्धा मी आधी आईला सांगितलं.

तरी ते आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशात पेन. दिंडोशीहून रिक्षाने जाताना मला एकच काळजी होती. आम्हा चाहत्यांचा एक अलिखित नियम आहे: कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण हॉलमध्ये तो शब्द कुणी काढत नाही. खेळणारे आपल्यापासून दोन हातांवर असतात, त्यांना ऐकू जातं. आणि बाबांचा जन्म गेला गिरणीच्या साचेखात्यात. तिथल्या मागांच्या खडखडाटात बोलायची सवय लागलेला माणूस, आता कानही कमी झालेले. ते माझ्या कानात कुजबुजले तरी चौथ्या रांगेला कळतं. पंच्याऐंशी माणसांच्या हॉलमध्ये ते "खोटा आसा सगळा" म्हणाले असते, तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

हॉलमध्ये आदल्या दिवशी लग्न झालेलं होतं. स्टेजवर थर्माकोलची अक्षरं तशीच होती आणि झेंडूचा वास येत होता. स्टेजच्या खाली रिंग. दारावर आमच्या मनगटाला कागदी पट्टी बांधणारा पोरगेलासा गडी दुसऱ्या लढतीत मुखवटा घालून उतरला, तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच गप्प राहायची विनंती केली. मग तो वरच्या दोरावरून पाठीवर पडला, धाडकन आवाज झाला, आणि बाबा पुढे वाकले.

"खाली फळये आसत," ते म्हणाले. अर्थातच मोठ्याने.

"हो. वर पातळ फोम असतो."

"मगे लागता."

"लागतं, बाबा."

ते हाताची घडी घालून मागे टेकले. मला जरा हायसं वाटलं.

तिसऱ्या लढतीला खलनायक आला. नवीन होता, मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. काळा लांब कोट, डोळ्यांत काजळ. माईक घेऊन घाईघाईने रिंगमध्ये चढला आणि ओरडला, "वाकोला! इधर के लोग नहाते नहीं क्या?"

यावर हॉलने पेटून उठायला हवं होतं. खलनायकाचं पोट शिव्यांवर भरतं. लोकांनी हुर्यो केली, तरच त्याला पुढच्या वेळी बोलावणं येतं. पण रविवारची दुपार, जेवणं जड झालेली, दोन पंखे बंद. लोक फोन बघत बसले होते. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कुणीतरी फिसकन हसलं. मी "ए, चल निघ!" असं ओरडून पाहिलं, पण माझा एकट्याचा आवाज कुठल्या कुठे विरून गेला. आमच्या मागचा टी-शर्टवाला जांभई देत म्हणाला, "चल ना यार, फेक है सब."

खलनायकाने ते ऐकलं. रिंगमधल्या त्या पोराचे कान लाल झालेले मला इथून दिसले. त्याने तोंड उघडलं, मिटलं. पुढचं वाक्य त्याला आठवत नव्हतं. मला त्याची फार कीव आली, आणि त्याच वेळी मनात आलं, संपलं, आता बाबांना साथीदार मिळाला. बाबा माझ्या खांद्यावर हात रोवून उठायला लागले होते. मी त्यांचा शर्ट धरला. "बाबा, बसा ना. प्लीज."

त्यांनी माझा हात काढून टाकला.

"मेल्या!" साचेखात्याचा तो आवाज हॉलभर घुमला. "आंघोळीचा आमका सांगतंस? आदी तुझ्या तोंडाक पाणी लाव!"

सगळ्या माना वळल्या. रिंगमधला पोरगा दचकला, क्षणभर खरोखरच दचकला. मग त्याच्या खांद्यात काहीतरी जागं झालं. तो सावकाश चालत आमच्या बाजूच्या दोरापाशी आला, बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ए बुढ्ढे. बैठ जा."

एवढं पुरे होतं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका ताडकन उठल्या, "आजोबांना बोलतो रे? लाज नाही वाटत?" हुर्यो सुरू झाली ती थांबेचना. बाबा हात उगारून मालवणीत काय काय बोलत होते, त्यातलं निम्मं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचं प्रत्येक वाक्य संपेपर्यंत तो थांबत होता आणि मगच उलट उत्तर देत होता. पुढे लढत सुरू झाली आणि त्याने समोरच्या भल्या पैलवानावर मागून वार केला, रेफरीची नजर चुकवून डोळ्यांत बोटं घातली. मग भल्या पैलवानाने त्याला कोपऱ्यात उभं केलं, चापटीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून हॉल नेहमीप्रमाणे "श्श्श" करून गप्प झाला, आणि उघड्या छातीवर सणसणीत पंजा बसला. पाच वेळा. सगळ्यांत जास्त आवाज मागच्या टी-शर्टवाल्याचा होता. खलनायक हरला तेव्हा लोक खुर्च्यांवर चढले होते.

बाबा खाली बसले. मी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. "चक्कर येतेय का?"

"चक्कर नाय रे." त्यांनी दोन घोट घेतले. "राक्षसाक कोण उलट बोललो नाय, तर तो थयच मरता."

तेव्हा मला आठवलं. मुंबईला यायच्या आधी गावी बाबांनी दशावतारात तीन हंगाम राक्षस केला होता. आई कधीतरी हे हसत सांगायची आणि बाबा विषय बदलायचे. तिथेही लिहिलेलं काही नसतं, कथा तेवढी ठरलेली, आणि राक्षस मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मला हे सगळं माहीत होतं. मी या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, आणि याची मला लाज वाटली.

खेळ संपल्यावर तो पोरगा दाराशी टेबलावर टी-शर्ट विकत उभा होता. काजळ पुसलेलं, चेहरा अगदी साधा. बाबांना पाहताच टेबलामागून बाहेर आला आणि वाकून पाया पडला. "आजोबा, सॉरी हां. बुढ्ढे बोललो."

"ता बरोबर बोललंस." बाबांनी त्याच्या गळ्याखाली उठलेल्या लाल बोटांकडे पाहिलं. "दुखता?"

"दुखतं ना."

"खोबरेल लाव. आणि आयक. येतंस तेव्हा धावत येव नको. दारात उभो रव. कायएक बोला नको. लोकांका तुका बघूदे. राक्षसाक घाई नसता."

तो मान खाली घालून ऐकत होता. मागे टी-शर्ट घ्यायला माणसं खोळंबली होती, पण त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी थोडा लांब उभा राहिलो. मला इतका आनंद झाला होता, की काय करावं ते कळेना, म्हणून मी उगाच रिक्षा शोधत राहिलो.

हायवेवर सिग्नलला रिक्षा थांबली. बाबा बाहेरच्या गाड्या बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या त्या पत्त्यांत असले राक्षस होते काय रे?"

"होते," मी म्हणालो. "मला तेच आवडायचे."

सिग्नल सुटला. दिंडोशीचं वळण आलं.

"तेव्हा माका सांगूक होया होता," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला.