नायक युनूस माशासाठी गेला नाही

आमची इंजिनिअर रेजिमेंट आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठी पोस्टिंगला आली तेव्हा हिवाळा होता. मी हवालदार होतो. माझं गाव म्हणजे गोरेगावच्या पुढचा एक तांडा. कंपनीत हिंगोली जिल्ह्याचा माझ्याशिवाय एकच जवान होता, हट्ट्याचा नायक युनूस पठाण. त्याच्या अब्बांचं गावात मोटार रिवायंडिंगचं दुकान. पोरगं तिथंच वाढलेलं, म्हणून बोटीचं इंजिन त्याच्याकडे होतं. आमच्या बोटीचा कमांडर मी, मागे इंजिनवर युनूस, पुढे दोर आणि बांबू घेऊन सॅपर मुरुगन.

आम्ही दोघंही विहिरीत पोहायला शिकलेलो. विहिरीला चार बाजू असतात. या नदीला पलीकडचा काठच दिसत नव्हता.

हिवाळाभर रोज सकाळी बोटीचं ट्रेनिंग चालायचं. एका सकाळी धुकं दाट होतं म्हणून मी इंजिन बंद करायला सांगितलं. बोट हळूहळू वाहत होती. उजव्या अंगाला कुणीतरी जोरात श्वास सोडला.

युनूस पुटपुटला, "भाऊ, पाण्यात माणूस हाय."

"गप. माणूस कुठून येईल?"

पुन्हा तोच आवाज आला आणि धुक्यात एक करडी पाठ वर येऊन गेली. सांडशीसारखं लांब तोंड दिसलं. मग आणखी एक पाठ, तिच्याजवळ तिसरी, लहान. बोटीला ती अजिबात घाबरली नाहीत.

परत आल्यावर सुभेदार साहेबांना विचारलं. ते बिहारचे. म्हणाले, "सूस है. नदी की डॉल्फिन. आँख से दिखता नहीं उसको, आवाज से रास्ता ढूँढती है."

त्यानंतर युनूसला नादच लागला. काम संपलं की म्हणायचा, "भाऊ, दोन मिनिटं बंद करू का?" मी कधी हो म्हणायचो, कधी रागवायचो. इंजिन बंद झालं की आम्ही तिघं कान देऊन बसायचो. फौजेत असं गप्प बसायला फार कमी मिळतं.

पावसाळ्यात नदी फुगली. जिल्हा प्रशासनाने फौज मागितली आणि आमची कंपनी पूर मदतीला निघाली. सकाळी मेजर साहेबांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "नदीच्या मधल्या बेटावर गाव आहे. लोक शाळेच्या छतावर आहेत. पाणी अजून वाढणार. अंधार पडायच्या आत सगळे काठावर पाहिजेत."

पहिल्या फेरीत आम्ही म्हाताऱ्या माणसांना आणलं. दुसऱ्या फेरीत बाया आणि लेकरं घेतली. बोट गच्च भरली होती. एका बाईच्या पदरात तान्हं होतं. लाइफ जॅकेट त्यांना दिली, तरी सगळ्यांना पुरली नाहीत.

नदीच्या मध्यावर आलो आणि इंजिन घरघर करून बंद पडलं. बोटीला हिसका बसून ती जागीच थांबली. पुरात वाहणारी बोट अशी थांबते तेव्हा समजावं की तिला काहीतरी धरून आहे.

युनूसने इंजिन वर उचलून पाहिलं. पंख्याला नायलॉनचं जाळं गुंडाळलं होतं. कुणा कोळ्याने बांबू रोवून लावलेलं मोठं जाळं पाण्याखाली गेलं होतं, आणि त्याचा जाड दोर आमच्या बोटीखालून गेला होता. मागून येणारा प्रवाह बोटीच्या पाठीवर चढत होता. पाणी आत यायला लागलं. बाया घमेल्याने, हाताने, जमेल तसं उपसू लागल्या.

मी रेडिओवर कळवलं, "प्रोपेलर में जाल फँसा है. बोट में पानी आ रहा है. दूसरी बोट भेजो. ओव्हर."

"दूसरी बोट टापू पर है. टाइम लगेगा. होल्ड करो. ओव्हर."

तेवढ्यात बोटीच्या मागे सूस वर आली. तीही त्याच जाळ्यात अडकली होती. शेपटीला आणि तोंडाला जाळं गुंडाळलेलं. श्वास घ्यायला ती वर यायची, धडपडायची, आणि तिच्या प्रत्येक झटक्याने बोटीची मागची बाजू खाली ओढली जायची. दर झटक्याला पाणी आत.

युनूसने लाइफ जॅकेट काढलं आणि सुरी हातात घेतली.

"काय करून राहिलास?"

"जॅकेट घालून बोटीखाली जाता येत न्हाई भाऊ. दोर खालून कापावा लागते."

ते बराबर होतं. मी त्याच्या कमरेला लाइफलाइनचा दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. दुसरं टोक मुरुगनने बोटीच्या कडीला बांधून हातात धरलं. मी म्हणालो, "आधी त्या जनावराकडची बाजू काप. तिच्या झटक्याने बुडू आपण."

"व्हय."

हा हुकूम माझा होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

तो सूस होती त्या बाजूला गेला. शेपटीचा एक फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो पाण्याखाली गेला, परत आला, आणि जाळं कापत राहिला. जाळं सुटलं. सूस खाली गेली. झटके थांबले, पाणी आत येणं कमी झालं. मग त्याने पंखा मोकळा केला, मोठा श्वास घेतला आणि बोटीखाली गेला. आम्हाला बोटीच्या तळाशी त्याच्या हाताचे धक्के जाणवत होते.

जाड दोर तुटला तशी बोट सुटून प्रवाहाला लागली. युनूस मागे वर आला. मुरुगन त्याला दोराने ओढू लागला.

वरच्या अंगाने एक झाड मुळासकट वाहत येत होतं. फांद्या पाण्याखाली, त्यामुळे उशिरा दिसलं. मी ओरडलो. युनूसने वळून पाहिलं आणि झाड त्याच्यावरून गेलं. लाइफलाइन फांद्यांत गुंतली. झाड आमच्या बाजूने पुढे निघालं तसा दोर ताणला आणि बोट एका कुशीवर कलली. पाणी बोटीच्या कडेवरून आत घुसलं. बाया किंचाळत एकमेकींवर पडल्या.

फांद्यांमध्ये युनूसचं डोकं वर आलं. त्याने बोटीकडे पाहिलं. किती कललीय ते त्याला दिसलं. तो काहीतरी बोलला, पण ऐकू आलं नाही.

मग दोर सैल झाला. बोट धाडकन सरळ झाली.

मुरुगनने दोर ओढून घेतला. टोक तुटलेलं नव्हतं, सुरीने कापलेलं होतं. सुरी युनूसकडे होती.

मी इंजिन सुरू केलं. बोट काठाला लावली. सगळी माणसं उतरवली. तान्हं रडत होतं, म्हणजे जिवंत होतं. रेडिओवर कळवलं, "सवारी सेफ. एक जवान मिसिंग. ढूँढने जा रहे हैं. ओव्हर." आम्ही उजेड असेपर्यंत शोधलं. झाड सापडलं. युनूस तिसऱ्या दिवशी बराच खाली, वाळूच्या कडेला सापडला.

त्याला घेऊन मी हट्ट्याला आलो. तोवर तिकडे एक व्हिडिओ पोचला होता. बोटीतल्या कुणीतरी मोबाइलवर घेतलेला. त्यात एक जवान जाळं कापतो, सूस सुटते, आणि व्हिडिओ संपतो. वसमतपासून हिंगोलीपर्यंत सगळ्यांनी तेवढंच पाहिलं. कुणी कौतुकाने, कुणी हसून, पण म्हणत होते एकच: पठाणाचं पोरगं माशासाठी मेलं.

दफन झाल्यावर त्याच्या अम्मींनी मला घरात बोलावलं. त्या रडत नव्हत्या.

"राठोड, खरं सांग. माझ्या लेकरानं जनावरासाठी काहून जीव दिला?"

मी त्यांना सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसं. जनावराची बाजू आधी कापायला मी सांगितलं हे सांगितलं. सूस सुटली तेव्हा तो ठीक होता हेही सांगितलं. शेवटी दोराच्या टोकाचं सांगितलं. अब्बा दाराशी उभे राहून ऐकत होते.

अम्मींनी विचारलं, "बोटीत लेकरं होती?"

"होती."

"सगळी उतरली?"

"व्हय अम्मी. सगळी. मी हातानं उतरवली."

त्या दाराकडे वळल्या. अब्बांना म्हणाल्या, "ऐकलं ना? आता गावात तुमी सांगा."

अब्बांनी सांगितलं. दुकानात येईल त्याला, मोटार खोलून पुढ्यात असताना, सांगत राहिले. तरी लोकांच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ अजून आहे. गोरेगावच्या बाजारात, जीपमध्ये, मला अजून कुणीतरी विचारतं, "मामा, तो माशावाला फौजी तुमच्याच संगं होता ना?"

आता मी निवृत्त आहे. वसमतकडे काम निघालं की हट्ट्याला उतरतो, आधी कब्रस्तानात जातो. फौजेत डोक्यावर टोपी नसली की सॅल्यूट करत नाहीत. मी नुसता सावधान उभा राहतो.

तो माशावाला फौजी नव्हता. त्याचं नाव नायक युनूस पठाण. बोटीत बाया आणि लेकरं होती, आणि दोर त्याने स्वतः कापला.