पोकळ झाडाचा आवाज

कचेरीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत. शहरातल्या झाडांची गणती करणाऱ्या तुकडीत झाडाचं आतलं दुखणं ओळखायचं काम त्याचं. बाकीचे छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजत, पसारा पावलांनी मापत, खोडाला क्रमांकाचा बिल्ला ठोकत. हा लाकडी मोगरीने खोड ठोकत फेरी मारायचा आणि कान लावायचा. भरीव लाकूड टणक बोलतं. आतून कुजलेलं रिकाम्या पिंपासारखं ढब्ब करतं. मग तो "निरोगी" म्हणायचा किंवा "धोक्याचं". तेच लिहिलं जायचं, आणि धोक्याचं झाड तोडलं जायचं.

"काय डॉक्टर, पेशंट वाचेल ना?" टेपवाला विचारायचा.

"तुझ्यापेक्षा जास्त जगेल. तू आधी बिड्या सोड."

टेपवाल्याची थट्टा तो हल्ली ओठांवरून वाचत होता. डावा कान आधीच गेलेला, उजवाही विझत आला होता. तोंडातून ब्र काढला नाही त्याने. ठोकणाराच बहिरा म्हटल्यावर कोण ठेवून घेणार? मोगरी मारताना तो दुसरा तळवा खोडावर टेकवू लागला. थरथर हाताला कळते, असं त्याने स्वतःला पटवलं. बऱ्याचदा कळायचीही.

लेकीच्या घरी निभावून जायचं. ती मुळातच चढ्या आवाजाची, आणि जावई शिंपी, शिलाई मशीनच्या खडखडाटात ओरडूनच बोलणारा. त्याच्या दुकानासमोर एक जुना गुलमोहर होता. पाटी झाकायचा, गिऱ्हाईक पुढे निघून जायचं.

"बाबा, धोक्याचं म्हणा की! एका शब्दाचं तर काम," लेक म्हणाली.

"खोटं बोलू?"

"आमच्यासाठी कधी काही केलंयत तुम्ही?"

तुकडी त्या गल्लीत आली तेव्हा लेक दारातच उभी होती. तळवा टेकवून त्याने मोगरी मारली. थरथर नेहमीसारखी नव्हती, पसरट, विसविशीत. पुन्हा मारली. दुसऱ्या कुणाला ऐकायला सांगावं, तर आपलं बिंग फुटायचं. धोक्याचं म्हणावं, तर टेपवाला गालात हसणार, लेकीची सोय पाहिली म्हणून. आणि या मोहातच आपला हात फसत नसेल कशावरून?

"निरोगी," तो म्हणाला, आणि ताठ मानेने पुढच्या झाडाकडे गेला. त्या रात्री त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

पुढच्याच महिन्यात एका भरदुपारी साध्या वाऱ्याने गुलमोहर दुकानावर कोसळला. जावयाचा उजवा हात चेंगरला. कात्री धरायचा हात. मोडलेल्या खोडात भुसा आणि अंधार होता.

दवाखान्याच्या बाकावर लेक म्हणाली, "शहरभरची झाडं कळतात तुम्हाला. आमचंच कळलं नाही?"

"मला ऐकू येत नाही गं. केव्हापासूनच."

तिने त्याला नीट न्याहाळलं. "आता बहिऱ्याचं सोंग! मग माझं कसं ऐकू येतं?"

"तू ओरडतेस म्हणून."

"आम्हाला धडा शिकवायचा होता तुम्हाला. तसं सांगा सरळ."

आपल्याला ऐकू येत नाही असं कचेरीने तरी लिहून द्यावं, म्हणजे तिला पटेल, म्हणून तो साहेबांपुढे उभा राहिला. सगळं कबूल केलं. साहेबांनी आधी दार लावलं.

"तुम्ही ठोकलेली सगळी झाडं पुन्हा ठोकत बसू? लोक आम्हाला फाडून खातील. वारा आला, झाड पडलं. जा, कामाला लागा, डॉक्टर."

तो कामाला लागला. पण "निरोगी" हा शब्द त्याच्या जिभेवर येईना. मोगरी मारायची, तळवा टेकवायचा, आणि म्हणायचं, "धोक्याचं." टेपवाल्याची थट्टा बंद झाली. मागून करवतवाले यायचे. रस्तेच्या रस्ते उघडे पडले. साहेबांना सगळं ठाऊक होतं. तरी ते सही करत राहिले, कारण तोडलेलं झाड कुणावर पडत नाही.

लेकीच्या गल्लीतली उरलेली झाडंही गेली. ती बंद दुकानाच्या पायरीवर बसून बघत होती. तो जवळ गेला तशी ती उठली आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "परक्यांसाठी बरं जमतं तुम्हाला धोक्याचं म्हणायला."