टिळकवाडीतला बिबट्या

हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, मग मधे थांबायला लावू नका.

आमची थोरली आक्का संकेश्वरजवळच्या एका खेड्यात दिलीय. मागच्या रविवारी तिच्याकडं गेलतो. नुकतंच मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलेलं. रानात एखादा प्राणी किंवा त्याची खूण दिसली की फोटो टाकायचा. कुठला प्राणी कुठं वावरतो ते त्यावरनं फॉरेस्टवाल्यांना कळतं आणि त्याला जपता येतं. काम लई चांगलं. फक्त ते माझ्या हातात पडायला नको होतं!

आक्काच्या उसात नुकतंच पाणी पाजलेलं. कडेच्या चिखलात मला एक ठसा दिसला आणि अंगावर काटाच आला. माप कळावं म्हणून मी शेजारी माझी चप्पल ठेवली आणि फोटो काढला. तिथं नेटवर्क न्हाय. म्हणून टिळकवाडीत घरी आल्यावर फोटो टाकला, खाली ‘बिबट्या’ लिहिलं आणि छाती फुगवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातनं येऊन चहा घेत होतो, तर गल्लीच्या ग्रुपवर मेसेज: आपल्या गल्लीत बिबट्याची नोंद झालीय, फॉरेस्टची गाडी येतेय, दारं लावून घ्या.

आता अशा वेळी माणसानं काय करावं? मी दारं लावली, खिडक्या लावल्या, गॅलरीच्या दाराला वॉशिंग मशीन सरकवून लावलं. आणि मग ध्यानात आलं, आई बागेत फिरायला गेलीय. तिला कमी ऐकू येतं, फोनही घरीच.

डोक्याला हेल्मेट, हातात बॅट, असा बाहेर पडलो. वाटेत जो दिसेल त्याला घरात पिटाळला. भाजीवाल्याला गाडी सोडून जिन्यावर चढवलं. एकानं विचारलं, कुणी बघितला? मी ठोकून दिलं, ठसा मिळालाय म्हणे, ताटाएवढा.

आई बागेत बाकावर मैत्रिणींशी बोलत बसलेली. मला बघून म्हणाली, “हेल्मेट घालून चालत का आलास रं?”

मी तिचा हात घट्ट धरला, आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

घरी आलो तर फॉरेस्टची जीप आमच्याच दारात. खाकीतल्या एक मॅडम माझ्या बायकोला, वैशालीला, मोबाईल दाखवत होत्या. मी लगेच विचारलं, पकडला का? बायकोनं माझ्याकडं बघितलं.

“अहो, ही चप्पल तुमची न्हाय?”

व्हय, माझीच. अंगठ्याला तांब्याची तार बांधलेली चप्पल गल्लीत दुसऱ्या कुणाची असणार?

मॅडमनी शांतपणे समजावलं. फोटोत जागेची नोंद नव्हती, म्हणून तो जिथनं टाकला तीच जागा अ‍ॅपनं धरली. म्हणजे गल्लीत बिबट्या सोडला तो मीच, आणि त्याला भिऊन पळालो तोही मीच.

पण माझी भीती अजून गेली नव्हती. आक्का त्याच रानात रोज जाते. तसं म्हटल्यावर मॅडमनी फोटो मोठा केला.

“सर, पुढं ही टोकं दिसतात? नखं आहेत. बिबट्या चालताना नखं आत घेतो. हे नायी आहे.”

नायी म्हणजे कुत्रं. एवढं कन्नड मला दुर्दैवानं येतं.

आक्काला फोन लावला. रविवारी मी तिथं बिबट्याचा ठसा म्हणून सगळ्यांना सांगून आलतो, त्यापायी गडी रानात पाय टाकत नव्हते आणि दाजी काठी घेऊन पाणी पाजत होते. सगळं ऐकून ती आधी हुश्श म्हणाली, मग लाजत म्हणाली, “आमचा वाघ्या असंल रं. तू आलतास म्हणून मागंमागं फिरत व्हता.”

त्या रात्री सगळे कसे निवांत झोपले! सकाळी अ‍ॅपवर निरोप आला: अभिनंदन, तुमची पहिली नोंद तपासून मान्य झाली. पाळीव कुत्रा, टिळकवाडी.

प्राणी दुरुस्त केला, जागा तशीच राहिली. नकाशा मोठा करून बघितला तर खूण बरोबर आमच्या हॉलमधल्या खुर्चीवर पडते. आणि त्या खुर्चीत घरात मी सोडून दुसरं कुणी बसत न्हाय.